381 दिवसांची वाहतूक : माँटगोमेरीच्या एका स्थानिक संघटनेचे प्रकरण

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात 5 डिसेंबर 1955 ते 20 डिसेंबर 1956 या काळात कृष्णवर्णीय नागरिकांनी शहर बससेवेवर बहिष्कार टाकला होता. त्याची हकीगत बहुधा दोन माणसांभोवती सांगितली जाते : जागा सोडण्यास नकार देणाऱ्या रोझा पार्क्स आणि त्या लढ्यातून देशाला माहीत झालेले मार्टिन ल्यूथर किंग. दोघांचेही श्रेय वादातीत आहे. परंतु एका अटकेने आणि काही भाषणांनी लोक फार तर आठवडाभर पायी चालतात. वर्षभर चालण्यासाठी कोणाला तरी रोज सकाळी गाड्या सोडाव्या लागतात, पेट्रोलचे पैसे भरावे लागतात आणि हिशेब ठेवावा लागतो. ते काम माँटगोमेरी इम्प्रूव्हमेंट असोसिएशन या स्थानिक संघटनेने केले. जन्माच्या दिवशी जिच्याकडे ना कार्यालय होते, ना निधी, ना एकही वाहन, तिने शहराच्या बससेवेला पर्याय कसा उभा केला आणि तो मोडण्याचे प्रयत्न कसे झाले, एवढ्यापुरतेच हे प्रकरण मर्यादित आहे.

बसमधील व्यवस्था आणि आधीची तयारी

माँटगोमेरीच्या बसमध्ये 36 आसने असत. पुढची 10 गोऱ्यांसाठी राखीव, मागची 10 कृष्णवर्णीयांसाठी, आणि मधली 16 चालकाच्या मर्जीवर. गोऱ्यांची आसने भरली की चालक मधल्या ओळीतील कृष्णवर्णीयांना उठवत असे, आणि एका गोऱ्या प्रवाशासाठी आख्खी ओळ रिकामी करावी लागे, कारण त्याच ओळीत कृष्णवर्णीयाने बसणे हा त्याचा अपमान समजला जाई. 1 डिसेंबर 1955 रोजी नेमके हेच घडले : एक गोरा उभा होता, चौघांना उठण्यास सांगितले गेले, तिघे उठले, पार्क्स उठल्या नाहीत. याशिवाय पुढच्या दाराने चढून भाडे द्यायचे, खाली उतरायचे आणि मागच्या दाराने पुन्हा चढायचे, असा शिरस्ता होता. भाडे घेऊन झाल्यावर प्रवासी मागच्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच बस निघून जाण्याचे प्रकार वारंवार घडत. बसच्या उतारूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीयच होते. ज्यांच्या पैशावर बस चालत होती त्यांनाच ती वाटेत सोडून जात होती.

हा संताप एका संध्याकाळचा नव्हता. विमेन्स पोलिटिकल कौन्सिल ही सुशिक्षित कृष्णवर्णीय स्त्रियांची संस्था 1946 पासून शहरात काम करीत होती. तिच्या अध्यक्ष जो ॲन रॉबिन्सन अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजी शिकवत. शाळांतील वंशभेद घटनाबाह्य ठरविणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 17 मे 1954 रोजी आला आणि अवघ्या चार दिवसांनी रॉबिन्सनबाईंनी महापौर डब्ल्यू. ए. गेल यांना पत्र लिहून कळविले की वागणूक सुधारली नाही तर बसवर बहिष्कार टाकण्याची चर्चा लोकांत सुरू आहे. भाषा नम्र होती, पण गणित स्पष्ट होते. पुढे मार्च 1955 मध्ये क्लॉडेट कॉल्व्हिन या 15 वर्षांच्या मुलीला जागा न सोडल्याबद्दल अटक झाली, परंतु तिच्या खटल्यावर लढा उभारावा असे शहरातील पुढाऱ्यांना वाटले नाही. या निर्णयामागे तिच्या वयाइतकीच प्रतिष्ठेची काळजी होती, आणि ती फारशी उदार नव्हती, असे म्हटल्यास अन्याय होणार नाही.

पार्क्स यांच्या अटकेच्या रात्री ई. डी. निक्सन यांनी जामिनाची धावपळ केली. ते रेल्वेच्या पुलमन नावाच्या शयनयान डब्यांवर काम करणारे आणि कामगार संघटनेत मुरलेले कार्यकर्ते होते. त्याच रात्री रॉबिन्सनबाईंनी एक सहकारी प्राध्यापक आणि दोन विद्यार्थी यांच्या मदतीने कॉलेजच्या चक्रमुद्रण यंत्रावर हजारो पत्रके काढली. सोमवारी, 5 डिसेंबरला, कोणीही बसने जाऊ नये हे त्यातले आवाहन होते. एक पत्रक स्थानिक वृत्तपत्राच्या हाती लागले आणि रविवारी पहिल्या पानावर बातमी आली; ज्यांच्यापर्यंत पत्रक पोहोचले नव्हते त्यांना ती छापील वाचायला मिळाली. बसमध्ये चढणाऱ्यांना धाकदपटशा होईल असा समज करून पोलिसांनी सोमवारी बसच्या मागे मोटारसायकली लावल्या, आणि चढावे की न चढावे अशा विचारात असलेले थोडेफार लोक त्या पोलिसांनाच पाहून मागे फिरले.

स्थापना

सोमवारी बस जवळजवळ रिकाम्या धावल्या. सकाळी न्यायालयाने पार्क्स यांना 10 डॉलर दंड आणि 4 डॉलर खर्च ठोठावला. दुपारी माउंट झायन चर्चमध्ये पंधरा-वीस पुढारी जमले आणि नव्या संघटनेची स्थापना झाली. अध्यक्षपदी 26 वर्षांच्या किंग यांची निवड झाली. ते वर्षभरापूर्वीच शहरात आलेले असल्यामुळे जुन्या गटबाजीत कोणाच्याही बाजूचे नव्हते, आणि पुढे लढा फसला तर त्यांना दुसऱ्या गावी चर्च मिळणे अवघड नव्हते. निवडीमागे या दोन्ही गोष्टी होत्या, हे नंतर अनेकांनी मोकळेपणाने सांगितले आहे. संध्याकाळी होल्ट स्ट्रीट बाप्टिस्ट चर्चमध्ये सभा झाली तेव्हा चर्च भरून हजारो लोक बाहेर रस्त्यावर उभे होते, आणि एका दिवसासाठी ठरलेला बहिष्कार पुढे चालू ठेवण्याचे तिथेच ठरले.

मागण्या तीन होत्या. चालकांनी सभ्यपणे वागावे. कृष्णवर्णीयांनी मागून पुढे आणि गोऱ्यांनी पुढून मागे अशा क्रमाने, जो आधी येईल त्याने आधी बसावे. आणि मुख्यतः कृष्णवर्णीय वस्तीतून जाणाऱ्या मार्गांवर कृष्णवर्णीय चालक नेमावेत. बसमधील वंशभेद संपवावा अशी मागणी यात नाही. त्याच राज्यातील मोबील शहरात बसण्याची ही पद्धत आधीपासून चालू होती, म्हणजे नगरपालिकेला कायदाही बदलावा लागला नसता. एवढ्या माफक मागणीलाही तिने नकार दिला, आणि वर्षअखेरीस तिच्या पदरी मूळ मागणीच्या कितीतरी पलीकडचा निकाल पडला. तडजोडीस तयार नसलेल्या पक्षाने समोरच्याला अधिक मागायला शिकविल्याचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागेल.

गाड्यांची व्यवस्था

पहिले काही दिवस कृष्णवर्णीय टॅक्सीचालकांनी भार उचलला. ते बसच्याच दरात, म्हणजे 10 सेंटमध्ये, उतारू नेत होते. परंतु टॅक्सीचे किमान भाडे 45 सेंट असावे असा नगरपालिकेचा नियम होता आणि पोलीस आयुक्त क्लाइड सेलर्स यांनी तो पहिल्याच आठवड्यात बाहेर काढला. टॅक्सीचा मार्ग बंद होणार हे उघड झाले. तेव्हा किंग यांनी लुइझियानातील बॅटन रूज शहरात दूरध्वनी केला. तेथील टी. जे. जेमिसन या धर्मोपदेशकाने जून 1953 मध्ये आठवडाभर असाच बहिष्कार चालविला होता आणि खासगी मोटारींची सामायिक सोय उभी केली होती. चाक नव्याने शोधत न बसता, शेजारच्या गावाने शिकलेला धडा एका फोनवर मागून घेतला गेला.

त्या सल्ल्यातला कळीचा मुद्दा कायद्याचा होता. गाडीत बसलेल्या माणसाने चालकाला थेट भाडे दिले की ती टॅक्सी ठरते आणि परवान्याचा प्रश्न येतो. म्हणून पैसा चर्चमधून आणि सभांमधून संघटनेकडे जमायचा आणि संघटनेने पेट्रोल व इतर खर्च भागवायचा, अशी रचना झाली. सभेत आवाहन करताच शंभराहून अधिक लोकांनी आपल्या गाड्या देऊ केल्या आणि लवकरच हा आकडा 300 च्या आसपास गेला. त्या काळी माँटगोमेरीतील कृष्णवर्णीय कुटुंबांत मोटार ही मोठी कमाई होती. ती अनोळखी माणसांची ने-आण करण्यासाठी, चिखलाचे पाय आत घेऊन, रोज देणे ही साधी देणगी नव्हे.

वाहतूक समितीचे प्रमुख रूफस लुइस होते. शहराचा नकाशा मांडून, टपाल खात्यात काम केल्याने गल्लीबोळ पाठ असलेल्या माणसांच्या मदतीने, थांबे ठरविण्यात आले : सकाळी वस्तीतून सुटण्याचे 48 आणि दुपारनंतर परत आणण्याचे 42. ही दोन वेगळी जाळी असण्यामागे साधे कारण होते. सकाळी माणसे आपल्या वस्तीतून निघत, त्यामुळे थांबे चर्चच्या दारात असले की पुरे. परंतु संध्याकाळी घरकाम करणाऱ्या शेकडो बायका गोऱ्यांच्या वस्त्यांत विखुरलेल्या असत आणि त्यांना घेण्यासाठी तिथल्या कोपऱ्यांवर गाडी जावी लागे. दोन्हींच्या मधे, गावाच्या मध्यभागी, एका कृष्णवर्णीय मालकाचे वाहनतळ होते. तिथे उतारू एका गाडीतून दुसऱ्या गाडीत बदलत. पुढे चर्चच्या नावाने पंधरा-वीस स्टेशन वॅगन विकत घेतल्या गेल्या. गाडीच्या बाजूवर चर्चचे नाव रंगविलेले असे आणि लोक त्यांना चालती चर्च म्हणत. स्वतः रोझा पार्क्स काही काळ याच व्यवस्थेत गाड्या सोडण्याचे काम करीत होत्या.

संघटनेच्या कार्यालयाची कहाणी तिच्या गाड्यांइतकीच बोलकी आहे. एका जागेतून हुसकावले की दुसरी, तिथून तिसरी, असे करीत शेवटी ते गवंडीकाम करणाऱ्या कामगारांच्या संघटनेच्या इमारतीत स्थिरावले. त्या संघटनेचे बहुतेक सभासद कृष्णवर्णीय असल्याने तिथून बाहेर काढणारा कोणी नव्हता.

पैसा आणि तो जमविणारे हात

वाहतुकीचा खर्च महिन्याला सुमारे 5,000 डॉलरपर्यंत गेला होता. फेब्रुवारीनंतर अटकांच्या बातम्या देशभर पोहोचल्या तशा बाहेरून देणग्या येऊ लागल्या, आणि जप्तीच्या भीतीने त्यातली रक्कम राज्याबाहेरच्या बँकेत ठेवली गेली. परंतु सुरुवातीचे महिने गावच्या वर्गणीवर निघाले. दर सोमवारी आणि गुरुवारी वेगवेगळ्या चर्चमध्ये सभा भरत आणि झोळी फिरे.

या वर्गणीत जॉर्जिया गिलमोर यांचे काम मला विशेष महत्त्वाचे वाटते. त्या स्वयंपाकीण होत्या. पहिल्या मोठ्या सभेपासूनच त्यांनी तळलेल्या कोंबडीची सँडविचे करून विकली, आणि नंतर आपल्यासारख्या बायकांना जमवून केक, रताळ्याची पाई (भाजलेला गोड पदार्थ) आणि जेवणे घरोघरी, केशभूषेच्या दुकानांत, टॅक्सीतळांवर विकण्यास सुरुवात केली. या गटाचे नाव त्यांनी ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’ ठेवले. पैसे कुठून आले असे कोणी विचारले तर ‘कुठूनच नाही’ असे खरे उत्तर देता यावे, हा त्यातला डाव होता. विकत घेणाऱ्यांत गोरेही होते. घरच्या मालकिणीला कळले तर नोकरी जाईल अशा बायका भट्टीपाशी उभ्या राहून लढ्याला पैसे देत होत्या आणि कोणत्याही कागदावर त्यांचे नाव उमटत नव्हते. सभेत गिलमोरबाई जमलेली रक्कम थाळीत ओतत तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत. लवकरच गावाच्या दुसऱ्या भागात आयनेझ रिक्स यांनी असाच क्लब काढला आणि कोण जास्त जमवते अशी चुरस लागली. मार्च 1956 मध्ये किंग यांच्या खटल्यात गिलमोर यांनी साक्ष दिली आणि त्यांची नोकरी गेली. त्यानंतर त्यांनी आपल्या घरातच खाणावळ सुरू केली.

हिशेबावरून वादही झाला. जून 1956 मध्ये संघटनेचे एक चिटणीस यू. जे. फील्ड्स यांनी निधीचा गैरवापर होत असल्याचा जाहीर आरोप केला आणि काही दिवसांतच सभेत तो मागे घेतला. पण आरोप झाल्यावर माघारीपेक्षा आरोपच अधिक दूर पोहोचतो. इतक्या घाईने वाढलेल्या आणि स्वयंसेवकांवर चाललेल्या संस्थेत पेट्रोलच्या प्रत्येक पावतीचा मेळ बसविणे अवघड होते, आणि विरोधकांना नेमकी तीच फट हवी होती.

कोंडी करण्याचे प्रयत्न

नगरपालिकेने बससेवेपेक्षा मोटारींच्या व्यवस्थेवर अधिक निशाणा साधला. जानेवारीत महापौर गेल आणि त्यांचे दोन्ही सहकारी आयुक्त व्हाइट सिटिझन्स कौन्सिल या वंशभेद टिकवू पाहणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेचे सभासद झाले. 22 जानेवारीच्या रविवारी तडजोड झाल्याची खोटी बातमी छापली जाणार आहे हे शनिवारी रात्रीच कळताच किंग आणि त्यांचे सहकारी रात्रीच्या नाचघरांतून आणि गुत्त्यांतून फिरून लोकांना सावध करीत सुटले. धर्मोपदेशकांच्या पायाला एरवी न लागणाऱ्या या जागा त्या रात्री उपयोगी पडल्या. मग गाडी चालविणाऱ्यांना क्षुल्लक कारणांवरून दंडाच्या पावत्या फाडण्याचे सत्र सुरू झाले. 26 जानेवारीला ताशी 25 मैलांच्या रस्त्यावर 30 मैल वेगाने गाडी चालविल्याबद्दल किंग यांनाच तुरुंगात नेण्यात आले. 30 जानेवारीला त्यांच्या घरावर आणि दोन दिवसांनी निक्सन यांच्या घरावर बाँब टाकले गेले.

गोऱ्या मालकिणी आपल्या कामवाल्यांना मोटारीने आणतात-सोडतात, त्यामुळेच बहिष्कार टिकला आहे, अशी महापौरांची तक्रार होती आणि त्यांनी ते थांबविण्याचे आवाहन केले. धुणे, स्वयंपाक आणि मुले सांभाळायला महापौरांनीच यावे, अशा शब्दांत काही बायकांनी त्याची वासलात लावल्याची आठवण व्हर्जिनिया डर या माँटगोमेरीतील गोऱ्या कार्यकर्तीने सांगितली आहे. बहिष्काराची बाजू उघडपणे घेणारे गोरे मात्र मोजकेच होते, आणि त्यांना त्याची किंमत मोजावी लागली. ज्युलिएट मॉर्गन या ग्रंथपालबाईंनी डिसेंबर 1955 मध्येच वृत्तपत्रात पत्र लिहून या चालण्याची तुलना गांधीजींच्या मिठाच्या सत्याग्रहाशी केली होती; त्यानंतर त्यांच्यावर धमक्यांचा आणि टवाळीचा भडिमार झाला.

21 फेब्रुवारीला 1921 च्या बहिष्कारविरोधी कायद्याखाली 89 जणांवर आरोप ठेवण्यात आले. पोलिसांनी पकडायला येण्याची वाट न पाहता अनेक जण चांगले कपडे घालून स्वतःच पोलीस ठाण्यात गेले आणि यादीत आपले नाव आहे का, हे विचारू लागले. उन्हाळ्याच्या अखेरीस स्टेशन वॅगनींचे विमे रद्द होऊ लागले. विम्याशिवाय चर्चच्या गाड्या रस्त्यावर आणणे अशक्य होते, आणि माझ्या मते बाँबपेक्षाही हा डाव अधिक धोकादायक होता, कारण त्याविरुद्ध सभेत उभे राहून गाता येत नाही. अखेर अटलांटातील विमाप्रतिनिधी टी. एम. अलेक्झांडर यांच्यामार्फत लंडनच्या लॉइड्सने विमा उतरविला आणि गाड्या पुन्हा निघाल्या.

न्यायालयात एकाच दिवशी दोन निकाल

किंग यांच्या घरावर बाँब पडला त्या सुमारास संघटनेने तडजोडीची आशा सोडली आणि 1 फेब्रुवारी 1956 रोजी तरुण वकील फ्रेड ग्रे यांनी संघीय न्यायालयात दावा दाखल केला. ब्राउडर विरुद्ध गेल या नावाने तो ओळखला जातो. त्यात शेवटपर्यंत टिकलेल्या वादी चार स्त्रिया होत्या : ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅक्डॉनल्ड, मेरी लुइझ स्मिथ आणि क्लॉडेट कॉल्व्हिन. ज्या मुलीच्या खटल्यावर वर्षापूर्वी कोणी उभे राहिले नव्हते तिचीच साक्ष आता कामी आली. 5 जूनला तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने दोन विरुद्ध एक मताने बसमधील वंशभेद घटनाबाह्य ठरविला, आणि नगरपालिका व राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले.

तोवर नगरपालिकेने शेवटचा डाव काढला. मोटारींची व्यवस्था हा विनापरवाना धंदा आणि सार्वजनिक उपद्रव आहे, म्हणून तिला मनाई करावी आणि बुडालेल्या कराची 15,000 डॉलर भरपाई द्यावी, असा अर्ज तिने राज्य न्यायालयात केला. 13 नोव्हेंबरला सुनावणी होती. मनाई हुकूम निघणार हे सर्वांना दिसत होते आणि गाड्यांशिवाय लोकांना आणखी किती चालवायचे, या विवंचनेत किंग न्यायालयात बसले होते. दुपारच्या सुटीत एका बातमीदाराने त्यांच्या हातात तारेचा कागद ठेवला : सर्वोच्च न्यायालयाने जूनचा निकाल कायम केला होता. त्याच दिवशी राज्याच्या न्यायाधीशांनी मनाई हुकूमही दिला.

लढा जिंकला होता आणि वाहतूक बंद झाली होती. निकालाचा हुकूम प्रत्यक्ष माँटगोमेरीत पोहोचेपर्यंत बसमध्ये चढायचे नाही असे ठरले, आणि हे पाच आठवडे संघटनेच्या गाड्यांविना काढावे लागले. संघटनेतील धर्मोपदेशक एस. एस. सीय यांनी गल्लीगणिक शेजाऱ्यांनी एकमेकांना गाडीत घेण्याची योजना आखली, बाकीचे चालले. चर्चमध्ये खुर्च्या बसच्या आसनांसारख्या मांडून, कोणी शिवी दिली किंवा ढकलले तर काय करायचे याची तालीम घेतली गेली. 20 डिसेंबरला हुकूम पोहोचला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लोक पुढच्या दाराने चढून हवे तिथे बसले.

बसनंतर

आठवडाभरातच बसवर गोळीबार सुरू झाला आणि रोझा जॉर्डन या गर्भवती स्त्रीच्या पायांना गोळ्या लागल्या. 10 जानेवारी 1957 च्या पहाटे चार चर्चवर आणि दोन धर्मोपदेशकांच्या घरांवर बाँब पडले. त्यातले रॉबर्ट ग्रेट्झ हे गोरे होते. आपल्या कृष्णवर्णीय मंडळीसाठी ते वर्षभर स्वतः गाडी चालवत होते.

संघटनेत आतून तडे गेले होते. किंग यांचे लक्ष दक्षिणेतील सर्व राज्यांकडे वळले होते आणि 1960 मध्ये ते अटलांटाला गेले. निक्सन यांनी 1957 मध्ये खजिनदारपद सोडले. आपल्याला नवख्यासारखे वागवले जाते, अशी त्यांची तक्रार होती. पार्क्स यांची शिवणकामाची नोकरी बहिष्काराच्या दुसऱ्याच महिन्यात गेली होती, त्यांना संघटनेत पगारी पद मिळाले नाही, आणि त्या 1957 मध्ये डेट्रॉइटला निघून गेल्या. बायकांनी पत्रके छापली, पैसा जमविला, गाड्या सोडल्या आणि दाव्यात नावे दिली. व्यासपीठावर आणि पदांवर मात्र बहुतेक धर्मोपदेशकच राहिले. ज्या संघटनेने हजारोंची रोजची सोय पाहिली तिला आपल्याच माणसांची सोय पाहता आली नाही, हा तिच्यावरचा आक्षेप मला रास्त वाटतो.

बसचा लढा लोकांच्या रोजच्या गरजेला बांधलेला होता, म्हणून रोज सकाळी त्याचे नूतनीकरण होत होते. पुढचे प्रश्न तसे नव्हते. ओक पार्क या केवळ गोऱ्यांसाठी असलेल्या उद्यानातून जाताना 1957 मध्ये जॉर्जिया गिलमोर यांच्या मुलाला पोलिसांनी मारहाण केली, आणि 1958 च्या अखेरीस गिलमोर व इतरांनी संघटनेच्या पाठिंब्याने शहराविरुद्ध दावा लावला. निकाल विरुद्ध जाणार हे ओळखून नगरपालिकेने 1 जानेवारी 1959 पासून शहरातील सगळीच उद्याने बंद करून टाकली. बसवर बहिष्कार टाकता येत होता. कुलूप लावलेल्या उद्यानावर कसला बहिष्कार टाकणार? उद्याने 1965 मध्ये पुन्हा उघडली, आणि गिलमोर विरुद्ध माँटगोमेरी शहर हा दावा, फक्त गोऱ्यांना प्रवेश देणाऱ्या खासगी शाळांना सार्वजनिक मैदाने वापरू देण्याच्या मुद्द्यावर, 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोहोचला.